लग्नाच्या शूटचे मेमरी कार्ड उघडत नाही: आधी काय करावे आणि पुढचे कार्ड कसे निवडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नागपुरात लग्नसमारंभांचे चित्रीकरण करता. ऑनलाइन स्वस्तात मिळालेले १२८ जीबीचे कार्ड कॅमेऱ्यात घालून एक पूर्ण लग्न आपण फोर-केमध्ये, १०० एमबीपीएस दराने टिपले. मध्ये दोनदा रेकॉर्डिंग आपोआप थांबले. आता संगणकावर सर्व क्लिपांची नावे आणि आकार व्यवस्थित दिसतात. परंतु हळद आणि सीमांतपूजनाच्या क्लिपा चालतात आणि मंगलाष्टकांपासून पुढची एकही उघडत नाही. चालणाऱ्या क्लिपांची बेरीज २९ जीबीच्या आसपास भरते. हे चित्रीकरण परत मिळेल का, कार्ड बिघडले की मुळातच खोटे होते, आणि पुढे कॅमेरा, मोबाइल व गाडीतल्या डॅशकॅमसाठी कोणती कार्डे घ्यावीत, असे आपण विचारले आहे.

सीताबर्डीत डेटा रिकव्हरीचे काम करताना लग्नसराईच्या प्रत्येक मोसमात असे प्रश्न माझ्याकडे येतात आणि त्यामागची काळजी मला ठाऊक आहे, कारण लग्न पुन्हा लावता येत नाही. म्हणून सर्वप्रथम तातडीचे सांगतो. त्या कार्डावर आता एक अक्षरही लिहिले जाऊ देऊ नका. ते कॅमेऱ्यात परत घालू नका, कारण काही कॅमेरे कार्ड दिसताच त्यावर स्वतःची नोंद लिहितात. संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले तर नकार द्या. विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय अजिबात चालवू नका. ती फाइलींचे तुकडे सुटे करून त्यांची नावे बदलते आणि मूळ मांडणी कायमची विस्कटते. कार्ड मायक्रो नसून पूर्ण आकाराचे एसडी असेल तर त्याच्या कडेची लॉकची पट्टी खाली ओढा. मात्र तिच्यावर विसंबू नका, कारण ती पट्टी कार्डाच्या आतल्या चिपला काहीच कळवत नाही. ती कुठे आहे हे फक्त रीडरच्या खाचेतला स्पर्शबिंदू ओळखतो आणि लिहू द्यायचे की नाही हे रीडर ठरवतो.

आता निदान. आपण दिलेल्या माहितीतला २९ हा आकडा सर्वांत बोलका आहे. कार्ड बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे खरे ६४ जीबीचे कार्ड संगणकात ५९.६ आणि खरे ३२ जीबीचे कार्ड २९.८ दिसते. त्यात लबाडी काही नाही. परंतु १२८ जीबीच्या कार्डावरचा मजकूर नेमका २९ जीबीच्या आसपास चांगला असावा आणि त्यापुढचा सगळा निकामी असावा, हा योगायोग नव्हे. आपल्या कार्डात बहुधा ३२ जीबीचीच चिप आहे आणि त्यातल्या कंट्रोलरला, म्हणजे मेमरीचा कारभार पाहणाऱ्या छोट्या चिपला, ‘मी १२८ जीबीचा आहे’ असे खोटे सांगायला शिकवलेले आहे. कॅमेरा त्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि लिहीत राहतो. खरी जागा संपली की कंट्रोलर दोनपैकी एक गोष्ट करतो: पुढचा डेटा सरळ टाकून देतो, किंवा पुन्हा पहिल्यापासून जुन्या डेटावर लिहू लागतो. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते आणि बनावट कार्डे तो भाग सांभाळतात, म्हणून नावे, वेळा, आकार सगळे खरे दिसते आणि आत काही नसते.

हे ताडून पाहण्याची रीत सोपी आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम संपूर्ण कार्डाची बाइटन्‌बाइट प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या डिस्कवर घ्या. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन त्यासाठी उत्तम आहे, कारण वाचता न येणाऱ्या जागेवर ते अडून बसत नाही, ती जागा नोंदवून पुढे जाते आणि शेवटी तिच्याकडे परत येते. पुढचे सारे काम त्या प्रतीवरच करा. मग न उघडणारी एखादी क्लिप हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट आकड्यांच्या रूपात दाखवणाऱ्या साधनात, उघडा. आत सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्ये, किंवा एकच आकृती पुन्हा पुन्हा दिसली, तर तो डेटा कार्डावर कधी लिहिलाच गेला नव्हता. उलट आत विस्कळीत वाटणारे, सतत बदलणारे आकडे दिसले, तर चित्रीकरण तिथे आहे आणि फक्त त्याची मांडणी तुटली आहे.

पहिली स्थिती निघाली तर मी स्पष्टच सांगतो: जगातली कोणतीही प्रयोगशाळा ते परत आणू शकत नाही आणि तसे आश्वासन देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अशा वेळी शोध कार्डाबाहेर घ्यावा लागतो. लॉनवर एलईडी पडदा लावला असेल तर मिक्सर सांभाळणाऱ्याकडे आपल्या किंवा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या थेट चित्राचे रेकॉर्डिंग असू शकते. ड्रोन चालवणाऱ्याचे कार्ड वेगळे असते. मंगलाष्टकांच्या वेळी अर्धे वऱ्हाड मोबाइल वर धरून उभे असते. त्या मूळ फाइली व्हॉट्सॲपवरून न मागवता केबलने किंवा पेन ड्राइव्हने घ्या, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो. यजमानांना लवकर सांगितले तर हे सारे गोळा होते. महिनाभराने लोकांनी मोबाइल रिकामे केलेले असतात.

दुसरी स्थिती निघाली तर आशा बरीच आहे. व्हिडिओची एमपीफोर फाइल लिहिताना बहुतेक कॅमेरे आधी चित्र आणि आवाजाचा डेटा ओळीने टाकत जातात आणि रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी अनुक्रमणिका लिहितात. ती लिहिण्याआधी बॅटरी गेली, कार्ड उपसले गेले किंवा कार्डाने साथ सोडली, तर डेटा असूनही फाइल कोणत्याच प्लेअरमध्ये उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून हाताशी असेल, तर तिच्यावरून अनुक्रमणिका पुन्हा बांधता येते. अनट्रंक हे मुक्त साधन हेच करते. म्हणून रिकव्हरीला कार्ड देताना चांगली क्लिपही सोबत द्या. फाइली पुसल्या गेल्या असतील किंवा चुकून फॉरमॅट झाले असेल, तर फोटोरेक हे मोफत साधन फाइलींची यादी न पाहता प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधत जाते. फोटोंसाठी ते फार चांगले चालते. लांब व्हिडिओ तुकड्यांत लिहिला गेला असेल तर तितके नाही.

पुसलेले परत का मिळते, हे समजण्यासाठी कार्डाच्या आत थोडे डोकवावे लागेल, आणि माझ्या मते कार्ड वापरून पोट भरणाऱ्या प्रत्येकाने एकदा ते समजून घ्यावेच. फ्लॅश मेमरीची कल्पना जपानमधील तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांची. आज कार्डांत वापरला जाणारा नँड हा प्रकार त्यांच्या गटाने १९८७ मध्ये मांडला. यात प्रत्येक पेशीमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवले जातात. भोवती अतिशय पातळ विद्युतरोधक थर असतो, त्यामुळे वीज नसतानाही ते तिथेच राहतात, आणि किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावरून पेशीतला आकडा वाचला जातो. एका पेशीत एकच बिट ठेवायचा तर दोन पातळ्या ओळखल्या की पुरते. आजच्या बहुतेक कार्डांत मात्र एका पेशीत तीन बिट असतात, म्हणजे आठ पातळ्या, आणि स्वस्त मोठ्या कार्डांत चार बिट, म्हणजे सोळा पातळ्या. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी थोड्याशा गळतीनेही चूक होण्याची शक्यता अधिक. कंट्रोलर चुका दुरुस्त करणारी गणिती संकेतरचना सतत वापरत असतो, म्हणूनच आपल्याला त्या दिसत नाहीत. दिसू लागतात तेव्हा बहुतेक वेळा परिस्थिती बरीच पुढे गेलेली असते.

दुसरी गोष्ट अशी की या मेमरीत लिहिलेल्या जागेवर तसेच पुन्हा लिहिता येत नाही. लेखन लहान पानांत होते, पण पुसणे मात्र अनेक पानांच्या मोठ्या ब्लॉकमध्येच होते, आणि प्रत्येक पुसण्यागणिक तो विद्युतरोधक थर किंचित झिजतो. एका बिटाच्या पेशी सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसतात. तीन बिटांच्या पेशींसाठी हा आकडा साधारण १००० ते ३००० इतका खाली येतो. एकाच जागेवर सगळा भार पडू नये म्हणून कंट्रोलर लेखन फिरवत ठेवतो. कॅमेऱ्यात आपण फाइल पुसतो तेव्हा सहसा फक्त यादीतली नोंद रद्द होते. मूळ डेटा त्याच्या ब्लॉकमध्ये पडून राहतो, जोवर ती जागा कोणी मागत नाही. कार्ड हातात येताच काही लिहू नका, हा आग्रह याच कारणाने आहे. मात्र कॅमेऱ्यातला ‘लो लेव्हल फॉरमॅट’ किंवा कार्डाला थेट पुसण्याची आज्ञा देणारे फॉरमॅट केले असेल, तर डेटा खरोखरच जाऊ शकतो.

आपल्या रेकॉर्डिंगच्या थांबण्याचेही कारण इथेच आहे. १०० एमबीपीएस म्हणजे १०० मेगाबिट; आठने भागले की सेकंदाला १२.५ मेगाबाइट होतात. हा वेग फार नाही. पण कार्डाने तो प्रत्येक सेकंदाला, न थांबता द्यायला हवा. अनेक कार्डे सुरुवातीचा काही भाग झपाट्याने लिहितात, कारण त्या वेळी पेशींत तात्पुरता एकच बिट ठेवला जातो. ती राखीव जागा भरली की वेग एकदम घसरतो. कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी डेटा थांबवून ठेवणारी तात्पुरती मेमरी, तुंबतो आणि कॅमेरा रेकॉर्डिंग बंद करतो. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग हा जवळजवळ नेहमी वाचनाचा आणि तोही ‘पर्यंत’ या शब्दासह असतो. चित्रीकरणासाठी तो निरुपयोगी आहे.

पाहायचे ते बारीक चिन्हांकडे. गोलाकार सीच्या आत १० हा आकडा म्हणजे किमान १० मेगाबाइट सतत लेखन; इंग्रजी यू अक्षराच्या आत ३ म्हणजे ३०; आणि व्ही अक्षरापुढचा आकडा हा थेट किमान मेगाबाइटचा आकडा आहे, व्ही३० म्हणजे ३०, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. आपल्या सध्याच्या सेटिंगला खरे व्ही३० कार्ड पुरेसे आहे आणि त्याहून महाग कार्ड घेऊन चित्र अधिक सुंदर येणार नाही. उद्या आपण ४०० एमबीपीएसवर गेलात तर सेकंदाला ५० मेगाबाइट लागतील आणि तिथे व्ही६० आवश्यक होईल. एक बारकावा मात्र फार थोड्यांना माहीत असतो: ही किमान वेगाची हमी रिकाम्या, सलग जागेत लिहिताना लागू होते. मधूनमधून दोनचार फोटो पुसून मोकळ्या केलेल्या तुकड्यांत लिहायला लावले तर व्ही३० कार्डही अडखळू शकते. म्हणूनच प्रत्येक शूटच्या आधी, जुना माल दोन ठिकाणी उतरवून झाल्यावर, कार्ड त्याच कॅमेऱ्यात पूर्ण फॉरमॅट करावे आणि शूट चालू असताना जागा करण्यासाठी एकेक क्लिप पुसत बसू नये.

कार्डावरचे रोमन एक आणि दोन हे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. ते बसचा, म्हणजे कार्ड आणि यंत्र यांच्यामधल्या मार्गाचा प्रकार दाखवतात: यूएचएस-वन मार्ग सेकंदाला १०४ मेगाबाइटपर्यंत, यूएचएस-टू ३१२ पर्यंत. यूएचएस-टू कार्डाच्या पाठीवर स्पर्शपट्ट्यांची दुसरी ओळ असते. तसे कार्ड जुन्या कॅमेऱ्यात चालते, पण जुन्याच वेगाने. काही यूएचएस-वन कार्डांवर १७० किंवा २०० असा वाचनवेग छापलेला दिसतो. तो त्या कंपनीच्या खास रीडरमध्येच मिळतो, कॅमेऱ्यात नाही. पेंच किंवा ताडोब्यात वाघाचे फोटो घेणारे मित्र मला विचारतात की बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो घेणे, मध्येच का थांबतो. हिशोब सरळ आहे: २५ मेगाबाइटची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल सेकंदाला २० वेळा म्हणजे ५०० मेगाबाइट. एवढे कोणतेही यूएचएस कार्ड तत्काळ पचवू शकत नाही. कॅमेऱ्याचा बफर भरेपर्यंतच बर्स्ट चालतो आणि नंतर कार्डाच्या वेगाने रिकामा होतो. कॅमेऱ्यात सीएफएक्सप्रेस या वेगळ्या, अधिक वेगवान कार्डाची सोय असेल तर तिथे तो खर्च सार्थ आहे, कारण बी प्रकारच्या त्या कार्डाच्या दुसऱ्या आवृत्तीचा मार्ग सेकंदाला २००० मेगाबाइटपर्यंत जातो. लग्नाच्या व्हिडिओसाठी त्याची गरज नाही.

क्षमतेच्या बाबतीत माझे मत दुकानदारांना आवडत नाही, पण ते अनुभवाचे आहे: लग्नाच्या कामाला एकच ५१२ जीबीचे कार्ड घेऊ नये. १०० एमबीपीएसवर ६४ जीबीच्या कार्डात सुमारे ८५ मिनिटे मावतात, १२८ मध्ये त्याच्या दुप्पट. हळद, सीमांतपूजन, लग्नविधी आणि स्वागत समारंभ वेगवेगळ्या कार्डांवर असले तर एका कार्डाने दगा दिला तरी सगळे लग्न जात नाही. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिण्याची सोय चालू करा. ‘दुसरे कार्ड पहिले भरल्यावर’ हा पर्याय जागा वाचवतो, काम वाचवत नाही. आणि एसडीची खाच असलेल्या कॅमेऱ्यात मायक्रो एसडी अडॅप्टर घालून वापरू नका. स्पर्शबिंदूंची एक जोडी विनाकारण वाढते आणि लॉनवरच्या धुळीत तीच आधी बिघडते.

खोटे कार्ड घेतले जाऊ नये म्हणून वेष्टन, छपाई, होलोग्राम यांवरून ओळखण्याचे धडे अनेक जण देतात. मी त्यांना फारशी किंमत देत नाही, कारण आजकाल नकली वेष्टन अस्सलसारखेच छापले जाते. कार्डाच्या आत सीआयडी नावाची १२८ बिटांची नोंद असते, तिच्यात निर्मात्याचा क्रमांक, मालाचे नाव आणि उत्पादनाचा महिना असतो. पण तीही खोटी लिहिता येते. खात्री देणारी चाचणी एकच: कार्ड काठोकाठ भरायचे आणि लिहिलेले सगळे परत वाचून ताडायचे. विंडोजवर एचटू-टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री ही दोन मोफत साधने हेच करतात. १२८ जीबीच्या कार्डाला तासाभराहून अधिक वेळ लागू शकतो, तो लागू द्या. नवे कार्ड, मग ते ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन आणलेले का असेना, या चाचणीशिवाय कामाला लावू नये. याच चाचणीत सतत लेखनाचा सरासरी वेगही कळतो. ऑनलाइन मागवले असेल तर माल परत करण्याची मुदत संपण्याआधी ही चाचणी उरका आणि निकालाचे चित्र जपून ठेवा. तक्रार करताना तोच पुरावा असतो.

डॅशकॅमबद्दल नागपूरकरांनी वेगळा विचार करायला हवा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काचेमागचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. बहुतेक कार्डे चालू अवस्थेत ८५ अंशांपर्यंत टिकतील असे निर्माते सांगतात, आणि कॅमेऱ्याच्या स्वतःच्या उष्णतेची भर पडली की आपण त्या मर्यादेच्या अगदी जवळ येतो. त्यातही उष्णतेचा खरा फटका लगेच दिसत नाही. तापमान वाढले की पेशीत कोंडलेले इलेक्ट्रॉन अधिक वेगाने गळतात, आणि जितके कार्ड झिजलेले तितकी गळती जास्त. सोबत अखंड लेखनाचा भार आहे. घरातला वाय-फाय कॅमेरा फक्त ४ एमबीपीएसने लिहीत असला तरी दिवसाला ४३ जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दीड दिवसात एकदा, वर्षाकाठी सुमारे अडीचशे वेळा, पूर्ण लिहिले जाते. मोबाइलमध्ये जे कार्ड दहा वर्षे चालले असते ते इथे दोन उन्हाळ्यांत थकते. म्हणून डॅशकॅम आणि सीसीटीव्हीसाठी ‘एंड्युरन्स’ असे लिहिलेली कार्डेच घ्यावीत. त्यांच्या हमीपत्रात रेकॉर्डिंगचे तास दिलेले असतात. गरजेच्या दुप्पट क्षमता घेतली की पुसण्याच्या फेऱ्या निम्म्या होतात. महिन्यातून एकदा जुनी क्लिप उघडून पाहावी, कारण कार्ड मेले तरी कित्येक डॅशकॅमचा दिवा लुकलुकतच राहतो आणि अपघाताच्या दिवशी ते कळते.

मोबाइलसाठी वेगाचे मोजमाप पुन्हा बदलते. ॲप कार्डावर ठेवायचे असतील तर लहानलहान तुकडे इकडून तिकडून वाचणे-लिहिणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी ए१ व ए२ ही चिन्हे आहेत: ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचने आणि ५०० लेखने, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. ए२ चा पूर्ण लाभ मोबाइलने साथ दिली तरच मिळतो, त्यामुळे केवळ फोटो आणि गाणी ठेवणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. एक धोका मात्र ठळकपणे सांगतो. अँड्रॉइड ६.० पासून कार्डाला मोबाइलच्या अंतर्गत साठ्याचा भाग करून घेण्याची सोय आहे. तसे केले की कार्ड कूटबद्ध होते आणि त्याची किल्ली त्या मोबाइलमध्येच राहते. मोबाइल पाण्यात पडून मेला, तर कार्ड ठणठणीत असूनही त्यातले घरचे फोटो मला, किंवा कोणालाही, वाचता येत नाहीत. कार्ड घालताना मोबाइल विचारतो तेव्हा ते ‘पोर्टेबल’ म्हणूनच ठेवा.

कार्ड संगणकाला अजिबात दिसेनासे झाले, तर प्रथम दुसरा रीडर आणि दुसरी केबल वापरून पाहा आणि स्पर्शपट्ट्या कोरड्या, मऊ कापडाने हलक्या हाताने पुसा. तरीही दिसत नसेल तर घरगुती प्रयोग थांबवा. मोठ्या एसडी कार्डाच्या आत बऱ्याचदा वेगळा कंट्रोलर आणि वेगळी मेमरी चिप असते. चिप काढून थेट वाचता येते. मायक्रो एसडीमध्ये मात्र दोन्ही एकाच ठोकळ्यात ओतलेले असतात. तिथे वरचा थर खरवडून आतले छुपे तांत्रिक बिंदू उघडे करावे लागतात, त्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या तारा जोडाव्या लागतात आणि मग कंट्रोलरने विखुरलेला डेटा गणिताने पुन्हा लावावा लागतो. हे काम वेळखाऊ आणि महाग आहे. यश मिळतेच असे नाही. कार्डाला भेग गेली असेल तर बहुधा चिपही तुटलेली असते. कुठेही कार्ड देण्याआधी तीन गोष्टी विचारा: आधी इमेज घेणार का, डेटा न मिळाल्यास शुल्क किती, आणि मिळालेला डेटा त्यांच्याकडून कधी व कसा पुसला जाईल. दुसऱ्याच्या घरचे लग्न आपल्या हाती विश्वासाने दिलेले असते, म्हणून तिसरा प्रश्न मी पहिल्या दोघांइतकाच मोठा मानतो.

साठवणुकीबद्दल एवढेच म्हणेन की कार्ड हे माल वाहून आणण्याचे साधन आहे, गोदाम नव्हे. एसएसडी, म्हणजे फ्लॅश मेमरीवर चालणाऱ्या संगणकी डिस्क, यांच्यासाठी जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने केलेल्या मानकात, आयुष्याची लेखनमर्यादा गाठलेल्या ग्राहक दर्जाच्या एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. कार्डातली मेमरी त्याच जातीची, आणि आपल्या कपाटातला उन्हाळा ३० अंशांचा नसतो. समारंभाच्या रात्रीच दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यावी, त्यातली एक स्टुडिओबाहेर, दुसऱ्या घरी ठेवावी, आणि दोन्ही प्रतींतल्या काही क्लिपा शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, की हे कार्ड खोटे निघाले तर ३२ जीबीचे म्हणून वापरता येईल का. तांत्रिकदृष्ट्या येते, एफथ्रीच्याच संचातल्या एका साधनाने खऱ्या क्षमतेएवढाच विभाग आखता येतो. परंतु बनावट कार्डांत अनेकदा कारखान्याने नाकारलेल्या चिपा असतात, त्यामुळे उरलेल्या ३२ जीबीचीही खात्री देता येत नाही, आणि कोणीतरी ते पुन्हा फॉरमॅट केले की ते परत १२८ चे सोंग घेते. सध्या ते एका पाकिटात, तारीख आणि यजमानांचे नाव लिहून बंद करून ठेवा. विक्रेत्याशी आणि यजमानांशी सगळा व्यवहार पूर्ण झाला, इमेजमधून मिळण्यासारखे सगळे मिळाले, की ते कात्रीने चिपच्या मधोमध कापा, म्हणजे स्टुडिओतल्या एखाद्या नव्या मुलाच्या हातून ते चुकूनही कॅमेऱ्यात जाणार नाही.